पैलवानाची पाठ

"माझी पाठ कवा मातीला लागली न्हाय," असं आकाराम पैलवान सांगाय लागला की आमच्या बसमधली पोरं आ वासून ऐकायची. मी न्हाय ऐकायची. इतकी वर्सं तेच तेच ऐकून माझं कान किटलं हुतं.

मी चिमणाबाई. कळंब्याकडच्या एका शाळेच्या बसमधली मावशी. पोरांस्नी चढवायचं, उतरवायचं, कुणाला वकारी झाली तर पुसायचं, खिडकीतनं हात भाईर काढला की वरडायचं, ह्ये माझं काम. अन् आकाराम माझा डायवर. माझा म्हंजे गाडीचा. नीट सांगितल्यालं बरं, आमच्या गल्लीत लोकं कशाचा काय अर्थ काढतील त्येचा नेम न्हाय.

पैलवान मूळचा कुरुंदवाडकडचा. मिसरूड फुटायच्या आधीच बापानं त्येला कोल्हापूरच्या तालमीत आणून सोडला. वस्तादानं माती खायला लावली, बापानं गावाकडनं तूप अन् बदाम धाडलं, अन् पोरगं असं फुगलं की जत्रेच्या मैदानात नुसता लंगोट लावून आत आलं तरी लोक टाळ्या वाजवायची. कुस्त्या बी मारल्या त्येनं. आता पाठ लागलीच न्हाय म्हणायचा, पण बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या तो जिंकलेल्यात धरायचा ह्ये त्येच्या बायकुनं, शालननं, मला कवाच सांगितलं हुतं. मग गुडघा गेला अन् तालीम सुटली. खुराक काय सुटला न्हाय. तांबडा रस्सा वाटीनं न्हाय, तांब्यानं प्यायचा, अन् वरनं मीठ घ्यायचा. आधी टेंपो चालवला, मग ट्रक, अन् शेवटाला शाळेची बस.

डायवर म्हणून मातूर नाद करायचा न्हाय. पोरं गाडीत असली की ह्यो माणूस बदलायचा. कुणी आडवा आला तरी शिवी न्हाय. स्पीडब्रेकरवरनं अशी गाडी काढायचा की झोपलेलं पोरगं झोपलेलंच ऱ्हायचं.

अन् त्येचा त्यो दंड! शर्ट कायम अर्ध्या बाह्यांचा, त्यो बी घट्ट. दुपारी शाळा सुटली की गाडीच्या दारात उभा ऱ्हाऊन दंड आडवा धरायचा, अन् पोरं त्येला लोंबकळायची. पहिलीतली साक्षी सगळ्यात पुढं. एवढीशी पोरगी, दोन वेण्या, दंडाला लटकून पाय हलवायची अन् म्हणायची, "मामा, आता वर!" मामा वर उचलायचा. मी वरडायची, "पैलवान, पोरगी पडंल!" तो म्हणायचा, "मावशी, ह्या दंडावरनं आजवर कोण पडलं न्हाय."

त्या दंडानंच घात केला बघा.

झालं काय, मागं एका मंडळाच्या रक्तदान शिबिरात पैलवान मोठ्या ऐटीत जाऊन झोपला. नर्सनं बीपी मोजला, परत मोजला, अन् म्हणाली, "पावणं, उठा. तुमचं रक्त नको. बीपी लई वाढलाय तुमचा." भोवतीची पोरं फिदीफिदी हसली. पैलवानाचं तोंड पडलं. ते बघून ती बिचारी म्हणाली, "दंड मोठा हाय तुमचा, पट्टा ल्हान पडतोय. त्येनं बी थोडं जास्त दाखवत असंल. मोठ्या पट्ट्यानं मोजून घ्या दवाखान्यात." झालं! पैलवानानं त्यातलं अर्धंच ऐकलं. पट्टा ल्हान पडतोय. तवापास्नं कुणी बीपीचं नाव काढलं की दंड फुगवून दाखवायचा. "बीपी कसला? ह्या दंडाला बसंल असा पट्टा कोल्हापुरात न्हाय."

लायसनचं मेडिकल? ते काय सांगायचं! शाळेची गाडी चालवणाऱ्याला लायसन नवं करताना डॉक्टरचा दाखला लागतोय, डोळं, कान, बीपी समदं बघून. पण एजंट गाठला की कुठनं तरी सही आणतोय. डॉक्टरनं ह्येला बघितलं न्हाय, ह्येनं डॉक्टरला बघितलं न्हाय, अन् दाखल्यावर लिवलंय, माणूस ठणठणीत. कोण इच्यारतंय?

मी इच्यारायची. सकाळच्या पारी स्टेरिंगवर बसला की मान चोळत बसायचा. डोस्कं धरायचा. मी म्हटलं, "पैलवान, ह्ये बीपीचं हाय. माझा भाऊ असंच मान चोळायचा, आता त्येचा डावा हात हलत न्हाय."

"बीपी खुर्चीत बसणाऱ्यांस्नी हुतोय, मावशी. पैलवानाला न्हाय."

"मग तुमी काय उभं ऱ्हाऊन गाडी चालवताय व्हय?"

तरी बी दवाखान्यात गेला न्हाय. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय म्हणत्यात, तसला माणूस.

ह्या वर्सी शाळेत तेजस्वी मॅडम नव्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या. त्यांनी पयल्याच मिटिंगला सांगितलं, "बाहेरून आणलेला दाखला मला चालणार नाही. प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी इथं, माझ्यासमोर होईल. पास नाही झालात तर बस नाही." डॉक्टर बोलवली, क्रांती म्हणून, तरणी पोर, पण नजर पक्की. शाळेच्या हॉलमधी समदे डायवर, समद्या मावश्या. एकेकाचा बीपी बघितला. पैलवानाची पाळी आली. डॉक्टरनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, अन् चर्रर्र करून पट्टा उघडला! सगळी हसली. पैलवान बी हसला, दंड वर करून दाखवला. डॉक्टर हसल्या न्हाईत. हातानं पट्टा दाबून धरून परत मोजलं. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढं.

"पट्टा ल्हान हाय, मॅडम," पैलवान म्हणाला.

"बरोबर आहे तुमचं, मामा," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टा लहान पडतोय. येत्या सोमवारी मोठा घेऊन येते. पण एवढा मोठा फरक पट्ट्यानं पडत नाही. तोवर बस चालवायची नाही. आणि ही गोळी, रोज सकाळी एक. चुकवायची नाही."

पैलवानानं गोळ्यांचं पाकीट खिशात कोंबलं, कुणी बघू ने अशा बेतानं. मी बघितलं. अन् माझं तोंड म्हंजे काय, उघडलं की मिटत न्हाय. सगळ्यांच्या म्होरं म्हटलं, "खिशात काय घालताय? तोंडात घाला! दंड दाखवत फिरताय, आतनं सगळं नासलंय!" हॉल हसला. पैलवानाचं कान लालबुंद झालं. मान खाली घालून भाईर गेला. एवढा मोठा गडी, दारातनं जाताना अंग चोरून गेला. मलाच कसनुसं झालं. खरं ते चार माणसांत बोलायची काय गरज हुती मला? पण बोलून गेले.

आता फुडचं मला मागनं कळलं, पण हितंच सांगते, म्हंजे तुमचा घोळ व्हायचा न्हाय. पैलवानानं त्या आठवड्यात एक बी गोळी घेतली न्हाय. त्येच्या डोक्यात निराळंच चाललं हुतं. कुस्तीच्या आधी वजन देत्यात ना, तसं. वजन जास्त भरत असलं की पैलवान लोक दोन-चार दिस जेवत न्हाईत, पाणी पीत न्हाईत, उन्हात घोंगडं पांघरून पळत्यात, घाम काढत्यात. काट्यावर वजन बसलं की झालं. मग त्याच दुपारी बसून रस्सा वरपायचा. बीपीचं बी तसंच, असं ह्यो समजला! सोमवारी आकडा बसला की झालं, नंतर कोण बघतंय? भर एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून कळंब्याच्या माळावर पळाला. जोर मारलं. जेवण सोडलं, शेवटच्या दिवशी पाणी बी सोडलं. अन् सोमवारी सकाळी ते गोळ्यांचं पाकीट काढलं. एका गोळीनं थोडा उतरतोय, तर चार गोळ्यांनी पुरता उतरंल. चार गोळ्या एकदम गिळल्या, कुस्तीला उतरायच्या आधी खुराक घेतल्यागत. शालनला सुद्दा सांगितलं न्हाय.

सोमवारी डॉक्टरनी मोठा पट्टा आणला. रुंद, काळा, दंडाला झक्क बसला. आकडा आला अगदी शाण्या माणसाचा. डॉक्टर आकड्याकडं बघत बसल्या. "गोळी रोज घेतलीत ना, मामा?"

"व्हय की."

परत मोजलं. तेवढाच. मग सही केली. पैलवान अख्ख्या हॉलमधी दंड उचलून फिरला. "म्हटलं न्हवतं? पट्टा ल्हान हुता!" माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काय मावशी, आतनं नासलंय न्हवं?" हातच्या काकणाला आरसा कशाला, आकडा समोर दिसत हुता.

दुपारी शाळा सुटली. उन्हाळ्याची शाळा, डोक्यावर ऊन. पोरं भरली अन् निघालो. पैलवान बोलंना. न्हायतर त्येची गोष्ट सुरू व्हायची. जांभया देत हुता. मानेवरनं घामाच्या धारा. कळंब्याच्या तळ्याच्या कडंला आलो तशी गाडी हळू झाली, एकदम हळू, डाव्या अंगाला सरकली अन् झाडाखाली उभी ऱ्हायली. त्येनं हँडब्रेक ओढला.

"पैलवान, काय झालं?"

"पंक्चर," म्हणाला. आवाज त्येचा न्हवताच.

दार उघडून खाली उतरला. मागच्या चाकाकडं निघाला, गाडीच्या पत्र्याला हात लावत लावत. मी खिडकीतनं बघत हुते. चाकापाशी पोचला अन् पोतं घसरावं तसा खाली घसरला, मग पाठीवर पडला. उताणा. दोन्ही हात पसरलेले, पांढऱ्या धुळीत. सगळी पोरं खिडक्यांस्नी चिकटली. कुणी तरी वरडलं, "मामा चितपट!"

कुणी हसलं न्हाय. वरडणारं पोरगं बी लगीच गप झालं, अन् मग रडाय लागलं.

मी पोरांस्नी आतच थांबा म्हणून दम दिला अन् खाली पळाले. तोंडावर पाणी मारलं, पाय उचलून दप्तरावर ठेवलं. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला थांबला अन् मोबाईल काढून शूटिंग कराय लागला. मी म्हटलं, "खिशात घाल मोबाईल, न्हायतर तुला मोबाईलसकट तळ्यात घालीन! गाडी बोलव दवाखान्याची!" बोलवली त्येनं. मागनं मी त्येला पाणी बी दिलं, तसा वाईट न्हवता.

पैलवानानं डोळं उघडलं. वर आभाळ, भोवती माती. मला वाटलं इच्यारंल, काय झालं मला. तसलं काय इच्यारलं न्हाय.

"पोरांनी बघितलं?" म्हणाला.

काय सांगणार? चाळीसभर डोळं वरनं बघत हुतं. "व्हय," मी म्हटलं. त्येनं त्योच दंड उचलला अन् डोळ्यांवर आडवा घेतला. दवाखान्याची गाडी येईपतुर खाली घेतला न्हाय.

दवाखान्यात सलाईन लावलं. ऊन लागलं, उपाशी हुता, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काय औषध घेतलं हुतं का म्हणून तिथल्या डॉक्टरनी इच्यारलं तर न्हाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेजस्वी मॅडम फळं घेऊन आल्या. "चक्कर येत असताना तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, मामा. मुलांना ओरखडाही नाही. पालक तुमचं किती कौतुक करतायत! आपण शाळेत तुमचा सत्कार करू, फेटा बांधून."

आपल्या कोल्हापुरात फेटा म्हटलं की माणूस मरणातनं उठून बसतोय. ह्यो भिंतीकडं तोंड करून झोपला. शालन म्हणाली, "दमल्यात." मी बी तसंच समजले. पण त्येच्या पाठीकडं बघून मला काय तरी खटकलं. मॅडमस्नी म्हटलं, "त्येंचा बीपी परत बघा, मगच गाडी द्या." मॅडम म्हणाल्या, "कालच तर मोजला, नॉर्मल होता की, मावशी. डॉक्टर येतील त्या आठवड्यात परत बघू. तोपर्यंत दाखला आहेच."

दाखला हुता. झाकली मूठ सव्वा लाखाची. नुसतं गप ऱ्हायलं असतं तर गाडी बी त्येची, फेटा बी त्येचा.

पुढच्या सोमवारी पैलवान आला तो फुल बाह्यांचा शर्ट घालून. मनगटाची बटणं सुद्दा लावलेली. मी पुढच्या सीटवर बसले, हँडब्रेकला हात पोचंल अशी. मोकळी गाडी घेऊन निघालो. वाटंत मान तेवढी चोळत हुता.

पयला थांबा साक्षीचा. आई तिला घेऊन उभी. "आला का मामा? बरं हाय न्हवं आता?" ती म्हणाली. "तुमच्या हातात पोरगी दिली की आमी निवांत असतोय बघा. त्या दिवशी दुसरा कोण असता तर काय झालं असतं, इच्यार बी करवत न्हाय."

साक्षी पायरीवर चढली अन् तिथंच थांबली. रोजच्यागत दंडाकडं हात केला न्हाय. नुसती बघत ऱ्हायली त्येच्याकडं.

"मामा, तुमाला कुणी पाडलं?"

"गप गं," आई म्हणाली. "असं इच्यारत न्हाईत."

पैलवानानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"कुणी न्हाय, बाळा. माझं मीच पडलो."

"पण तुमची पाठ लागली," साक्षी म्हणाली. तिला ते खोटं पडल्याचंच वाईट वाटत हुतं.

"व्हय. लागली."

चावी काढून त्येनं माझ्या हातात दिली. खाली उतरला. अन् साक्षीच्या आईम्होरं उभा ऱ्हाऊन, खाली बघत, सगळं सांगितलं. त्यो ल्हान पट्टा, ते खोटं मेडिकल, उन्हात पळणं, चार गोळ्या. "मी पास झालो न्हाय, ताई. मी चार गोळ्या गिळून आकडा बसवला. गाडी बाजूला घेतली ते माझं नशीब. लोक म्हणत्यात पोरांस्नी वाचवलं. मी वाचवलं न्हाय. मीच त्यांस्नी मराय न्यायलो हुतो. पोरीला बसवू नका माझ्या गाडीत."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार त्येला. मी असते तर खाल्लाच असता. तिनं एक शिवी दिली न्हाय. फकस्त साक्षीचा हात धरला, तिला पायरीवरनं खाली घेतली, अन् त्येच्यापास्नं दोन पावलं मागं घेतली. पोरगीला आपल्या अंगाशी धरून उभी ऱ्हायली. पैलवानानं ते बघितलं. त्येला शिव्या परवडल्या असत्या, मुस्काटात परवडली असती. तो रस्त्याच्या कडंच्या दगडावर बसला.

मी मॅडमस्नी फोन लावला. दुसरी गाडी येतीया म्हणाल्या, अन् क्रांती डॉक्टरस्नी बोलवून घेते म्हणाल्या. दाखल्यावर भरवसा त्यांनी बी ठेवला हुता की.

गाडीला येळ हुता. आमी तिघी झाडाच्या सावलीत, तो दगडावर उन्हात. सावलीत या म्हणायला पायजे हुतं मी. जवा बोलू ने तवा बोलले, अन् आता शब्द सापडंना.

थोड्या वेळानं त्येनं वरच्या खिशातनं ते पाकीट काढलं. चुरगळलेलं. बोटानं दाबून एक गोळी काढली. एकच. तळहातावर धरून बसला. पाणी न्हवतं.

साक्षी आईच्या हातातनं सुटली. आईनं धरायला हात केला, मग धरलं न्हाय. पोरीनं गळ्यातली बाटली काढली, झाकण उघडलं अन् त्येच्याम्होरं धरली.

"शाळंत गोळी खाताना मॅडम म्हणत्यात, सगळं पाणी प्यायचं," ती म्हणाली.

त्येनं गोळी तोंडात टाकली, वरनं पाणी प्यायला. बाटली परत देताना त्येनं तिच्याकडं वर बघितलं न्हाय.